गाण्याचं श्रेय कुणाचं? वाचायची आणि लिहायची पद्धत

आधी एक भेद पक्का करा: रचना वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. शब्द आणि चाल म्हणजे रचना. ती गीतकाराची आणि संगीतकाराची. गायक, वादक, संयोजक, ध्वनिमुद्रक, मिक्सिंग-मास्टरिंग करणारे यांची नावं ठरावीक ध्वनिमुद्रणाला लागतात. तेच गाणं उद्या दुसऱ्या कुणी गायलं तर ही नावं बदलतील, गीतकार-संगीतकार तेच राहतील. नव्या ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकांचा क्रमांकही नवा घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो संयोजकावर, म्हणजे अरेंजरवर. मुखडा-अंतऱ्याची चाल संगीतकाराची. पण सुरुवातीचा पीस, मधली इंटरल्यूड्स, व्हायोलिनच्या ओळी कुणी बांधल्या? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझा यांचं हे काम आहे. अशा माणसांना पडद्यावर अनेकदा नुसतं ‘सहाय्यक’ म्हटलं गेलं. तुम्ही तसं करू नका. ‘संगीत संयोजन’ आणि ‘प्रोग्रामिंग’ (संगणकावर वाद्यांचे आवाज रचणं) वेगळ्या ओळींत लिहा, दोन्ही एकाच माणसाने केलं असलं तरी.

अभंगांत हमखास चूक होते. तुकोबांचा अभंग नव्या चालीत बांधला, तर ‘शब्द : संत तुकाराम, संगीत : तुमचं नाव’. चाल वारीत पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी असेल, तर ‘चाल : पारंपरिक’ लिहा आणि स्वतःचं नाव संयोजनापुढे घाला. जुन्या चालीवर संगीतकार म्हणून हक्क सांगणं चूकच.

‘प्रोड्यूसर’ या शब्दानेही घोळ होतो. कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करवून घेणारा, बहुधा कंपनी. गाण्याचा ध्वनी घडवणारा म्युझिक प्रोड्यूसर निराळा. फॉर्ममधला रकाना नेमका कुणासाठी आहे ते विचारूनच भरा.

नावांची यादी रेकॉर्डिंगच्याच दिवशी करा. महिन्याभराने बासरी कुणी वाजवली हे आठवत नाही. प्रत्येकाला नावाचं स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहायला लावा; आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंद एका स्पेलिंगने आणि गाणी ऐकायच्या ॲपवर दुसऱ्याने असेल, तर रॉयल्टी अडकू शकते. रचनेच्या रॉयल्टीत कुणाचा किती वाटा तेही त्याच कागदावर लिहा, बेरीज १०० टक्के यायला हवी. दोघंच असतील तर गीतकार ५०, संगीतकार ५०, ही सरळ वाटणी. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि प्रत्येकाला एकेक प्रत.