पडद्यामागचे काम शिकताना क्यू-वही स्वतः लिहावी

प्रकाशयोजना, नेपथ्य किंवा रंगमंच व्यवस्था शिकू इच्छिणाऱ्यांनी एखाद्या नाट्यसंस्थेत उमेदवारी मागताना 'कोणतेही काम करीन' असे मोघम न सांगता, एकाच नाटकाच्या पहिल्या वाचनापासून प्रयोगानंतर सामान टेम्पोत चढेपर्यंत सोबत राहू देण्याची विनंती करावी. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी ही त्यासाठी उत्तम संधी असते, कारण महाविद्यालयीन संघांना विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, मदतीचे हात हवेच असतात.

पहिल्याच दिवसापासून संहितेच्या प्रतीत डाव्या कोऱ्या पानावर प्रत्येक क्यू, म्हणजे प्रकाश बदलण्याचा ठरलेला इशारा, पेन्सिलीने नोंदवावा: कोणत्या शब्दावर कोणता दिवा, किती सेकंदांत, किती टक्के प्रकाशावर. पेन्सिलच हवी, कारण तांत्रिक तालमीत, म्हणजे दिवे-ध्वनीसह होणाऱ्या तालमीत, निम्मे क्यू बदलतात. अशी वही पुढच्या संस्थेत दाखवली, तर ती प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलते, असे मला मनापासून वाटते.

विंगेत काळे सुती कपडे आणि बंद बूट घालावेत. उंचावर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षा-साखळी लावली आहे ना, हे मात्र तिसऱ्या घंटेची वाट न पाहता, प्रेक्षागृहाचे दार उघडण्यापूर्वीच जाणत्या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तपासावे.