केगच्या रेग्युलेटरचा काटा आपोआप चढतोय?

घरच्या केगमध्ये (दाबाखाली पेय ठेवायच्या धातूच्या पिंपात) लिंबू सोडा करताना रात्री रेग्युलेटर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा दाब कमी करून केगला देणारा भाग, 10 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) लावला आणि सकाळी काटा 25 वर दिसला, तर लगेच नागपूरच्या उन्हाला दोष देऊ नका. मी मे महिन्यात तेच केलं आणि दोन आठवडे वाया घालवले. बहुतेकदा गडबड रेग्युलेटरच्या आतल्या सीटमध्ये, म्हणजे झडप जिथे टेकते त्या जागी असते. तिथे बारीक कण अडकतो किंवा सीट झिजते, मग झडप नीट बसत नाही आणि गॅस झिरपत राहतो.

केगची नळी काढा, रेग्युलेटरचा बाहेरचा कॉक बंद करा, 10 ला लावा आणि वीस मिनिटं थांबा. काटा हळूहळू चढला तर सीट गेली समजा. नॉबजवळच्या छिद्राला साबणाचा फेस लावून पाहा. बुडबुडे आले तर डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा फाटलाय.

खोलण्याआधी सिलिंडर बंद करून उरलेला गॅस सोडा. सिलिंडरकडचा आणि केगकडचा, दोन्ही काटे शून्यावर आलेच पाहिजेत, यात अजिबात घाई नको. खिडक्याही उघड्या ठेवा.

सिलिंडरकडचा काटा मात्र उन्हाळ्यात चढणारच. द्रवरूप गॅस शिल्लक असेल तर 20 अंशांना कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे 830 पीएसआय असतो, 31 अंशांना साधारण 1,070. हा दाब तापमानावर ठरतो, किती गॅस उरला त्यावर नाही, म्हणून गॅस किती उरला ते वजन करून ठरवा. सिलिंडर सावलीत आणि उभाच ठेवा. आडवा झाला तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो.