दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या आत मॅट्रिक्सची फाइल तपासताना

इंदूरच्या मल्हारगंजात माझ्या मावसभावाची, दादाची, नमकीनची भट्टी आहे आणि तिथला कच्च्या मालाचा हिशेब माझ्या एक्सेल फाइलवर चालतो. चार दुकानदारांच्या ऑर्डरींचा एक तक्ता, सहा प्रकारांना किलोमागे काय काय लागतं त्याचा दुसरा. दोन्हींचा मॅट्रिक्स गुणाकार, म्हणजे आकड्यांच्या आख्ख्या तक्त्याला तक्त्याने गुणणं, केला की कोणासाठी किती बेसन, किती तेल, किती लवंग ते समोर येतं. एक्सेलमधलं तयार फंक्शन एममल्ट हे काम करतं, पण तक्त्यात एक खण (सेल) रिकामा राहिला तरी #व्हॅल्यू! ही चुकीची खूण दाखवून मोकळं होतं. आणि इंदूरचा प्रत्येक दुकानदार सहाच्या सहा प्रकार थोडेच घेतो! म्हणून मी व्हीबीएत, म्हणजे एक्सेलच्या आतल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, ‘मालजोड’ नावाचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. रिकामा खण म्हणजे शून्य, आणि वर तळणीतली घट धरलेली. नवरात्र लागलं की ही फाइल मी तपासायला घेते.

आधी फाइलची प्रत, नावात तारीख घालून. मग कोडला हात न लावता तक्त्यांची मापं बघायची. ऑर्डरी ४ बाय ६, कृती ६ बाय ९. आतले दोन आकडे जुळले तर गुणाकार होतो आणि उत्तर ४ बाय ९ येतं. मध्येच सातवा प्रकार सुरू झाला आणि तो एकाच तक्त्यात चढला, तर तिथेच गाडी अडते. हे निदान दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट म्हणजे क्रम. मॅट्रिक्सला नावं वाचता येत नाहीत. कृतीच्या तक्त्याला कोणी अकारविल्हे लावलं की लौंग सेवेच्या ऑर्डरीला मिक्श्चरची कृती लागते, मापं जुळतात, उत्तरही ऐटीत येतं. त्यामुळे ऑर्डरीच्या वर एक जादा ओळ ठेवायची. इंडेक्स या फंक्शनने कृतीच्या तक्त्यातलं नाव तिथे आणायचं, खालच्या नावाशी ताडायचं आणि जुळलं नाही तर खण लाल.

यानंतर खणांतला माल. इथे मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. दादा ऑर्डरी फोनवर घेतो आणि ‘१२ किलो’ असं लिहून टाकतो. ते चालावं म्हणून मी कोडमध्ये मजकुराच्या सुरुवातीची संख्या उचलणारं व्हॅल वापरलं होतं, आणि ‘१२ किलो’चे बारा बरोबर व्हायचे. मग एक मोठी ऑर्डर आली, ‘१,२०० किलो’. व्हॅल स्वल्पविरामापाशी थांबतं. फंक्शनने एक किलो धरला, बाकी सगळे आकडे बरोबर, चुकीची खूण कुठेच नाही. बेसन कमी पडलं ते भट्टी पेटल्यावर कळलं. तेव्हापासून व्हॅल हद्दपार. खण रिकामा असेल तर शून्य, संख्या असेल तर संख्या, नाहीतर फंक्शनने सरळ #व्हॅल्यू! फेकावं. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक आली तरी पुढे चल) ही ओळही काढून टाकली; ती ओळ चुका गिळत बसते. खण तपासायला सोपी युक्ती: काउंट (संख्या असलेले खण मोजतं) आणि काउंटए (सगळे भरलेले खण मोजतं) दोन्ही लावायची. आकडे सारखे नसतील तर जितका फरक, तितक्या खणांत संख्या नाही.

तक्त्यात दरांची रांग असेल आणि तिला चलनाचा फॉरमॅट असेल तर खण वाचायला कोडमध्ये व्हॅल्यूऐवजी व्हॅल्यूटू हवं, नाहीतर दशांशाच्या चार घरांपुढचं छाटलं जातं. मसाल्याचा दर ग्रॅमवर लावणाऱ्यांनी हे बघावंच.

मंदीच्या दिवसाचीही चाचणी करायची, एक दुकानदार आणि एकच प्रकार घेऊन. एका खणाची रेंज (निवडलेले खण) व्हीबीएला ॲरे, म्हणजे आकड्यांची मांडणी, म्हणून मिळतच नाही, नुसती संख्या मिळते. तिच्यावर ॲरेचं माप सांगणारं यूबाउंड चालवलं की फंक्शन कोसळतं. उत्तर उभ्या रांगेत द्यायचं असेल तर कोडमध्ये ॲरे दोन मितींचाच बांधायचा. एका मितीचा ॲरे आडवा पसरतो, आणि उभ्या खणांत पहिलाच आकडा खालपर्यंत छापला जातो.

घटीचे टक्के पूर्वी माझं फंक्शन दुसऱ्या शीटवरून गुपचूप वाचायचं. टक्के बदलले तरी उत्तर ढिम्म! एक्सेल फक्त फंक्शनला दिलेल्या रेंजवर नजर ठेवतं, म्हणून आता घटीची रेंजही मी कंसात देते.

मग भट्टीवरचा कंप्युटर. तिथे एक्सेल २०१६ आहे, माझ्याकडे नवं मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं. माझ्याकडे उत्तर आपोआप पसरतं. तिथे आधी ४ बाय ९ खण निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. जास्त खण निवडले तर उरलेल्यांत #एन/ए येतं, ते परवडलं. कमी निवडले तर उरलेला माल चूपचाप गायब होतो. तिथे #नेम? दिसलं, म्हणजे एक्सेलला फंक्शन सापडलं नाही, तर फाइल एक्सएलएसएमच (मॅक्रो, म्हणजे व्हीबीए कोड, ठेवणारी) आहे ना आणि कोड साध्या मोड्यूलमध्ये आहे ना, ते बघायचं. मोड्यूलचं आणि फंक्शनचं नाव एकच असेल तरी हीच खूण येते. फाइल ईमेलने पाठवली असेल तर विंडोजच्या खुणेमुळे एक्सेल तिच्यातले मॅक्रो अडवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करायची.

सगळ्यात शेवटी दादाला फोन. “पहिल्या दुकानदाराची रतलामी शेव १० आहे ती २० कर, बेसन बदललं का सांग.” तो म्हणणार, “अगं, इथे भट्टी पेटलीये!” तरी करून घ्यायचं. बदललं नाही तर गणना मॅन्युअलवर पडली आहे का ते फॉर्म्युलाज टॅबमध्ये बघायला सांगायचं. बदललं, तर वाढलेलं बेसन दहा किलो रतलामीच्या कृतीशी, घट धरून, कॅल्क्युलेटरवर ताडायचं आणि मगच बेसनवाल्याला यादी पाठवायची.