उन्हाळ्यात उजनीकाठी मुक्कामाला जाताय? आमच्या या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 वर गेला की आमच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास टाकतं, "चला बे, उजनीला." दोन दिवस भीमेवरच्या उजनी धरणाच्या बॅकवॉटरला पडायचं, गळ टाकायचे, मासे तळायचे, घरच्यांचे फोन उचलायचे नाहीत. बेत झकास असतो. पण आमच्या पहिल्या दोन सहली आरामाच्या कमी आणि निस्तरण्याच्या जास्त झाल्या. तुमच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून हे लिहितोय.

ऑगस्टचा फोटो बघून मे महिन्यात जाणं

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. मोबाईलवर दिसणारं निळंशार, काठोकाठ पाणी पावसाळ्यानंतरचं असतं. उजनीचा एकूण साठा साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी न वापरायचं पाणी. उन्हाळ्यात बऱ्याचदा वरचा उपयुक्त साठा संपतो, पाणी मृतसाठ्यात उतरतं आणि पेपरात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. 2024 च्या उन्हाळ्यात तर पाणी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वेळी मागच्या दिवाळीत जिथे पाय सोडून बसला होतात, तिथे भेगाळलेला गाळ असतो आणि पाणी पार लांब चमकत असतं.

म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी करा. धरणाची टक्केवारी बघा, आणि ज्या गावाला जाणार तिथल्या माणसाला फोन लावून एवढंच विचारा, "पाणी काठापासून किती आत गेलंय?" भीमेचं मूळ पात्र जिथे काठाजवळून वळतं, तिथे मेमध्येही पाणी हाताशी असतं. करमाळा तालुक्यात केत्तूर, कुगाव या बाजूला चौकशी करा. एकाच दिवसाचा बेत असेल तर एवढा आटापिटा कशाला, तुळजापूर रोडचं हिप्परगा तळं जवळ आहे. मात्र पाण्याची चौकशी तिथेही करा.

गाडी पाण्यापर्यंत नेणं

आमच्यातल्या एकाला बर्फाचा खोका उचलायचा कंटाळा. "कडक वाळलंय की, जाऊ दे पुढं," म्हणत त्याने गाडी तळ्याच्या तळावर घातली. दोनशे पावलं नीट गेली. मग पुढचं चाक पापड मोडल्यासारखं कर्रकन आत गेलं आणि खालून काळा, लोण्यासारखा गाळ वर आला. ह्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागेवरच फिरलं, गाडी बंपरपर्यंत बसली आणि मागे उभे असलेले आम्ही दोघं गळ्यापर्यंत रंगलो.

शेजारच्या उसातून एक काका आले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "पाव्हणं, गाळ वरनं वाळतोय, खालनं न्हाय," म्हणाले आणि ट्रॅक्टर आणायला गेले.

गाडी रुतलीच तर आधी ॲक्सिलरेटर सोडा. माणसं आणि सामान खाली उतरवा. चाकामागचा गाळ हाताने उकरा, उसाचं पाचट किंवा पोती चाकाखाली दाबून घाला, टायरमधली थोडी हवा कमी करा आणि आलेल्या वाटेनेच, रिव्हर्स गिअरमध्ये हळूहळू मागे या. काठावर पाचटाला तोटा नसतो, फक्त घेण्याआधी शेतकऱ्याला विचारा. परतताना वेड्या बाभळीचे काटे टायरमध्ये बघा. स्टेपनीत हवा आहे का, हे मात्र सोलापुरातच बघायचं.

भर दुपारी गळ टाकून बसणं

गळ टाकण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. जलाशयातली मासेमारी परवान्यावर चालते आणि काठावरच्या भोई कुटुंबांचं पोट त्यावर आहे. त्यांची जाळी लागलेली दिसली तर तिथून लांब बसा.

आता वेळ. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दुपारी मासा उथळ पाणी सोडून खोल जातो आणि खाण्याची घाई करत नाही. पहाटे उजाडल्यापासून आठपर्यंत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर बसा. दुपारी बारा ते चार काहीही करू नका, झोपा. सहल त्यासाठीच आहे.

"आमिष जातंय, मासा येत नाही," ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेकदा चिलापी (तिलापिया) मासा. तिचं तोंड लहान, त्यामुळे मोठ्या गळावरचं गांडूळ ती कडेकडेने टोचून खाते. गळ लहान घ्या, गांडुळाचा लांब शेपटा लोंबता ठेवू नका. आणि घाई करू नका. दोरावरचं तरंगतं बूच नुसतं थरथरतं तेव्हा ती चाखत असते. त्याच वेळी ओढलं की रिकामा गळ हातात. बूच तिरकं होऊन पाण्याखाली सरकू लागलं की मनगटाचा छोटासा हिसका द्या, खांद्यापासून नको. रोहू, मृगळ हवे असतील तर कणकेचा घट्ट गोळा लावून गळ तळाशी सोडा. वाम अंधार पडल्यावर गांडुळाला लागते. ती हातात आल्यावर साप म्हणून किंचाळणारा एकतरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

गळ तळाशी अडकला तर सरळ ओढून दोर तोडू नका. उजनीच्या पाण्याखाली अख्खी गावं गेली आहेत. पाणी उतरलं की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं. तुमचा गळ कुणाच्या तरी घराच्या भिंतीत असू शकतो. दोर सैल सोडा, दहा-पंधरा पावलं बाजूला जा आणि उलट दिशेने हलकेच ओढा.

चिलापी सोडवताना हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत पाठीचे काटे दाबून धरा. गळ बोटात आतपर्यंत घुसला तर तो उलटा ओढू नका, टोकाचा आकडा मांस फाडतो. दोर कापा, दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आभाळ न बघता पाण्यात जाणं

वळवाचं वारं विचारून येत नाही. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात नसेल तर बोटीत बसायचं नाही, आणि दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं तर जॅकेट असूनही नाही. पोहण्याचा मोहही नको. पायाखाली गाळ, मध्येच जुन्या पात्राची खोली, शिवाय जाळी. अंघोळ बादलीने करा.

पाणी कमी आणि मटण जास्त नेणं

पुण्या-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून इथवर येतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यावर हिरवी साय धरते. ते उकळून पिण्याच्या भानगडीत पडू नका. माणशी, दिवसाला पाच लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. मासे तळ्याच्या पाण्यात खवले काढण्यापुरते धुवा, शेवटचं धुणं जारच्या पाण्याने.

मटण नेलं होतं एकदा. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि संध्याकाळी कुणाची हिंमत होईना. आता आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेतो. दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत. मासा मिळाला तर मेजवानी, नाही मिळाला तर भाकरी चुरून चटणी, तेल, कांदा.

माशाला मातकट वास येतो, ही उजनीच्या चिलापीची जुनी तक्रार. पोटातलं काळं पातळ आवरण सुरीने पूर्ण खरवडा, कल्ले काढा, मग मीठ आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा व धुवा. वास बराच जातो. रस्सा आधी पूर्ण उकळू द्या, काळं तिखट, लसूण, चिंच सगळं त्यात जाऊ द्या, तुकडे शेवटी टाका. नंतर डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. आठ-दहा मिनिटांत उतरवा. आमच्या पहिल्या रश्शात मासा होता हे फक्त काट्यांवरून कळत होतं. तळताना तुकडा तव्याला चिकटत असेल तर तवा तापलेला नाही किंवा तुकडा ओला आहे. फडक्याने टिपा, ज्वारीच्या पिठात घोळवा, आणि एक बाजू सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

चूल खड्ड्यात, वाऱ्याच्या आडोशाला, उसापासून लांब. झोपण्याआधी निखाऱ्यावर पाणी ओता. वाळलेलं पाचट एका ठिणगीचं गिऱ्हाईक.

घरी न्यायचे मासे शेवटच्या सकाळी घ्या. पोट साफ करून, माशाच्या वजनाइतकाच बर्फ वर-खाली घालून बंद खोक्यात भरा आणि खोक्याचं भोक नीट बुजवा. आम्ही एकदा ते विसरलो. टेंभुर्णी ते सोलापूर बर्फाचं पाणी डिकीत झिरपत राहिलं. ज्याची गाडी होती त्याने जूनच्या शेवटापर्यंत आम्हाला लिफ्ट दिली नाही, आणि दिली तेव्हा आम्हीच म्हणालो, राहू दे, रिक्षाने जातो.