लढाई पाहिलेल्या माणसांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

१९७१ च्या डिसेंबरात विशीत असलेले जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि १९६२ चे चीनचे युद्ध पाहिलेला कोणी भेटलाच तर तो ऐंशीच्या पुढचा असतो. आपल्या खान्देशात एखाद्या गावी एकच 'फौजी आबा' असतात. पंधरा ऑगस्टला त्यांना झेंड्याजवळ खुर्ची मिळते, पण त्यांनी तिकडे काय पाहिले हे बसून विचारायला कोणी जात नाही. ज्यांना ते विचारायचे आहे आणि जपायचेही आहे, अशा नातवंडांसाठी, शिक्षकांसाठी आणि गावच्या वाचनालयातल्या मंडळींसाठी हे लिहीत आहे.

आधी कोणाला विचारायचे ते ठरवावे. गावातला माजी सैनिक माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. पण यादी तेवढ्यावर थांबवू नये. पती सीमेवर असताना मनिऑर्डरीची वाट पाहत शेत सांभाळणारी बायको, मिलिटरी स्पेशल गाड्यांच्या काळात भुसावळ जंक्शनावर ड्यूटी केलेले रेल्वे कामगार, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले लोक, हे सगळे त्याच लढाईचे साक्षीदार आहेत. माझ्या अनुभवात तर घरी राहिलेल्या बायकांच्या आठवणी अधिक नेमक्या असतात, कारण त्या कोणी कधी विचारल्या नाहीत आणि म्हणून त्यांचे भाषण झालेले नाही.

पहिल्या भेटीत फोन खिशातच ठेवावा. त्या दिवशी फक्त ट्रंक उघडायला सांगावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनची पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), पलटणीतला ग्रुप फोटो, पदके आणि '५६ एपीओ' असा लष्करी टपालाचा पत्ता असलेली आंतरदेशीय पत्रे बहुतेक घरांत एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडतात. वस्तू हातात आली की माणूस आपोआप बोलू लागतो. "युद्धाबद्दल सांगा" या प्रश्नाला मात्र तो देशभक्तीचे एक ठरीव वाक्य सांगून गप्प होतो.

या वस्तूंविषयी दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. कागद लॅमिनेट करू नयेत. गरम प्लॅस्टिकमध्ये एकदा अडकलेला जुना कागद पुन्हा सुखरूप सुटत नाही. डिंकाने चिकटवलेला फोटो अल्बममधून उपटू नये, पानासकट त्याची प्रत घ्यावी. स्कॅनर मिळाला तर कागदांसाठी ३०० आणि फोटोंसाठी ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) ठेवावे, नाही तर ओट्यावर सावलीत कागद पसरून, फ्लॅश बंद करून, फोन अगदी सरळ वर धरून फोटो काढावेत, आणि पाठीमागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही काढावा. पदके दिवाळीच्या साफसफाईत चिंचेने घासण्याची जी हौस आपल्या घरांत असते ती आवरावी, कारण गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत असते व तेच घासून जाते.

पदके बोलतात, हे ध्यानात ठेवावे. १९७१ च्या युद्धासाठी पूर्वेकडच्या मोहिमेला पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्या मोहिमेला पश्चिमी स्टार दिला गेला, तर १९६५ साठी समर सेवा स्टार होता. आबा जम्मूच्या थंडीचे सांगत असतील आणि डबीत पूर्वी स्टार निघाला, तर ते खोटे बोलत आहेत असे मुळीच नव्हे; दोन वेगळ्या पोस्टिंग आठवणीत एकत्र झाल्या असण्याची शक्यता जास्त. तिथल्या तिथे चूक दाखवू नये. त्यांचे सांगणे जसेच्या तसे ठेवावे आणि पदकाची नोंद शेजारी करावी.

गावांच्या नावांबाबत मी स्वतः फसलो आहे. एका आजोबांनी जमालपूरच्या लढाईचे सांगितले आणि मी वहीत 'जमालपूर, बिहार' असे लिहून मोकळा झालो, कारण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत लहानाचा मोठा झालेल्याला जमालपूर म्हटले की रेल्वेचा कारखानाच आठवतो. ते होते आजच्या बांगलादेशातले जमालपूर, जिथे डिसेंबर १९७१ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे 'जंगी पलटण', लढली. तेव्हापासून मी छापील नकाशा सोबत नेतो आणि बोट ठेवायला सांगतो.

तारखा विचारून फारसे हाती लागत नाही. सण आणि शेत विचारावे. १९६२ ची लढाई २० ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी. १९६५ ची सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत भडकली. १९७१ चे युद्ध ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस. "तुम्ही आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी होतात का? मग बोलावणे कधी आले?" असे विचारले की सलग धागा सापडतो. त्याच रीतीने प्रश्न लहान आणि अंगाजवळचे असावेत: पायांत कोणते बूट होते, लंगरात (फौजेच्या स्वयंपाकघरात) काय शिजत होते, पिट्टूत (पाठीवरच्या पिशवीत) काय काय भरले होते, पत्र कोण लिहून देत होते, शेजारच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, कोण होता. "किती मारले?" हा प्रश्न कधीही विचारू नये, आणि नातवाने मध्येच विचारला तर हसून विषय बदलावा.

रेकॉर्डिंगसाठी साधा स्मार्टफोन पुरेसा आहे, मात्र तो फ्लाइट मोडवर टाकावा, कारण मुलाखत ऐन रंगात असताना फोन वाजला की बहुतेक ॲपमध्ये रेकॉर्डिंग थांबते आणि बोलणाऱ्याची तंद्रीही जाते. माझी पहिली मुलाखत पंख्याने खाल्ली. मे महिना होता, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, पंखा बंद करा म्हणण्याचा धीर झाला नाही, आणि घरी येऊन ऐकले तर सव्वा तास नुसती घरघर. म्हणून हिवाळ्यात किंवा सकाळी लवकर जावे, गाद्या-गोधड्या असलेली आतली खोली निवडावी, फोन जाड कापडावर तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि आधी दोन मिनिटे रेकॉर्ड करून ऐकून पाहावे. शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात रेकॉर्ड करावे. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असे ठेवले तर तासाला साधारण ३५० एमबी लागतात, तेवढी जागा आधी मोकळी करावी. सुरुवातीला तारीख, गाव आणि उपस्थितांची नावे मोठ्याने बोलावीत. एका बैठकीला तास-सव्वा तास पुरे.

भाषेबद्दल मी थोडा हट्टी आहे. आबा अहिराणीत बोलत असतील तर उतरवताना अहिराणीच लिहावी, लेवा बोली किंवा भिलीत बोलत असतील तर ती. एका आजींनी सांगितले, "तार उनी", म्हणजे तार आली. मग थांबून म्हणाल्या की तार इंग्रजीत होती, शाळेच्या मास्तरांना बोलावले, त्यांनी ती वाचली पण मोठ्याने वाचली नाही, आणि तेवढ्या वेळात आजींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली आणि ती जळाली. मुलगा जखमी होता, पुढे तो घरीही आला. पण आजी आजही त्याला 'मना आंडोर' म्हणतात तेव्हा जो आवाज लागतो तो 'माझा मुलगा' असे लिहिले की निघून जातो. डाव्या बाजूला बोली आणि उजव्या बाजूला प्रमाण मराठी, अशी दोन रकान्यांची वही सोयीची पडते. फौजेतली हिंदीही तशीच ठेवावी. एक तासाचे बोलणे उतरवायला चार-पाच तास सहज जातात.

रडू येईल, हात थरथरतील, किंवा आबा एकदम उठून गुरांकडे जातील. त्या वेळी रेकॉर्डिंग बंद करून चहा होऊ द्यावा आणि पुढचा प्रश्न स्वयंपाकाचा किंवा सुट्टीचा विचारावा. त्या रात्री झोप लागली नाही असे घरच्यांनी कळवले, तर पुढची भेट लांबवावी. विधवेशी किंवा आजींशी बोलताना घरातल्या पुरुषांना शक्यतो बाहेर बसवावे, नाही तर उत्तरे मुलगा देतो.

परवानगी तोंडी आणि लेखी दोन्ही घ्यावी: हे कोणी ऐकले तर चालेल, नाव द्यायचे की नाही, आणि त्यांच्यानंतर निर्णय कोणाचा. बाहेर देण्याच्या प्रतीत पीपीओवरचा बँक खाते क्रमांक झाकावा, आणि आज नोकरीत असलेल्या नातेवाइकाची पोस्टिंग बोलण्यात आली तर तो भाग काढून ठेवावा.

दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या पूर्वजाचा माग काढायचा असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नावांची यादी मोफत शोधता येते. त्या वेळी आजचा जळगाव जिल्हा 'ईस्ट खान्देश' आणि धुळे-नंदुरबारचा भाग 'वेस्ट खान्देश' होता, म्हणून शोधताना तेच शब्द वापरावेत. आडनाव बहुधा नसते आणि गावाचे स्पेलिंग वाटेल तसे असते.

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग नाव लिहावे. तीन प्रती कराव्यात: एक घरच्या पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन साठवणीत, आणि दरवर्षी एकदा उघडून पाहाव्यात. कागदांच्या प्रती कोठे ठेवता येतील हे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात आधी विचारावे. मूळ कागद मात्र घरच्यांची इच्छा असल्याशिवाय हलवू नयेत.

उतरवून झाले की सगळे मोठ्याने वाचून दाखवायला पुन्हा जावे. जी दुरुस्ती सांगतील ती तारीख घालून समासात लिहावी, मूळ वाक्य खोडू नये. जमालपूरच्या आजोबांनी माझे अकरा पानी लेखन डोळे मिटून ऐकले, नावे आणि तारखा जशाच्या तशा राहू दिल्या, आणि एकच दुरुस्ती सांगितली: पहाटे खंदकात जे पिणे आले ते चहा नव्हते, नुसते गरम पाणी होते, गूळही संपला होता.