एकांकिकेतल्या आजोबांसाठी सिलिकॉनचा मुखवटा : घरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

वीस वर्षांच्या मुलाला सत्तरीचा म्हातारा करायचा असेल, तर पेन्सिलीने ओढलेल्या सुरकुत्या पहिल्या रांगेला फसवत नाहीत. सिलिकॉनचा मुखवटा फसवतो, कारण तो कातडीसारखा हलतो आणि उजेड थोडा आत घेतो. पण सिलिकॉन ओतायचं काम जेमतेम वीस मिनिटांचं असतं. मुखवटा चांगला होणार की रबरी खेळण्यासारखा दिसणार, हे त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत ठरतं. हाताशी किमान दोन आठवडे ठेवा, पावसाळा असेल तर तीन.

कुठलं सिलिकॉन

इथली चूक पुढे कशानेच भरून निघत नाही. मेणबत्त्या आणि रेझिनच्या साच्यांसाठी बाजारात जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, त्याच्या १०० ग्रॅमला २-३ ग्रॅम कॅटॅलिस्ट, म्हणजे ते जमवणारं रसायन, घालायचं असतं. ते बहुतेक टिन-क्युअर, म्हणजे कथलाच्या कॅटॅलिस्टने जमणारं असतं. साच्यासाठी उत्तम, चेहऱ्यासाठी नाही. काही महिन्यांत ते आकसतं आणि त्यातलं कॅटॅलिस्ट त्वचेला मानवत नाही. बाथरूमच्या फटी भरायचं ट्यूबमधलं सिलिकॉन आणि कॉर्नफ्लोअर हा प्रकारही चेहऱ्याच्या जवळ नको. व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक ॲसिडचा असतो.

आपल्याला हवं प्लॅटिनम-क्युअर, म्हणजे प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टने जमणारं सिलिकॉन, ‘ए’ आणि ‘बी’ असे समान वजनाने मिसळायचे दोन भाग असलेलं. ड्रॅगन स्किन १० मीडियम या नावाचं पहिल्या मुखवट्यासाठी सोयीचं पडतं. २३ अंश तापमानात ते २० मिनिटं हाताळता येतं आणि ५ तासांत जमतं. त्याच मालिकेतलं एफएक्स-प्रो जास्त मऊ असलं तरी १२ मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, नवख्या हातांना तेवढा वेळ पुरत नाही. सोबत मऊपणासाठी स्लॅकर घ्या.

प्लॅटिनम सिलिकॉनला गंधकाचं आणि आणखी काही पदार्थांचं वावडं आहे. गंधक असलेली माती, लेटेक्सचे हातमोजे, टिन-क्युअर सिलिकॉनचा जुना साचा, नीट न सुकलेला थ्रीडी प्रिंटचा रेझिन, यातलं काहीही लागलं की तेवढा भाग कायम चिकट राहतो. हातमोजे नायट्राइलचेच वापरा. प्रत्येक नवा पृष्ठभाग, सीलर आणि रंग आधी चमचाभर सिलिकॉनवर तपासून पाहा. पाच तासांनीही बोटाला चिकटलं, तर तो पदार्थ बाद.

चेहऱ्याचा ठसा आणि गाभा

मुखवटा ज्याला घालायचा त्याच्याच चेहऱ्यावर बसायला हवा, म्हणून ठसा त्याचाच. चेहऱ्यावर थेट प्लास्टर कधीही लावू नका. जमताना ते इतकं तापतं की भाजतं, आणि केसांत अडकून बसतं. आधी अल्जिनेट (पाण्यात कालवली की रबरासारखी जमणारी पावडर), त्यावर प्लास्टर बँडेज. दंतवैद्यांकडचं अल्जिनेट दोन-तीन मिनिटांत जमतं आणि पूर्ण चेहरा झाकेपर्यंत हातात गोळा होतो. लाइफ-कास्टिंगसाठीचं, म्हणजे अंगाचे ठसे घ्यायचं घ्या, एका चेहऱ्याला ४५०-५०० ग्रॅम लागतं. पाण्याचं प्रमाण पाकिटावर दिलेलं पाळा आणि पाणी थंड वापरा, थोडा जास्त वेळ मिळतो.

केसांना टोपी, भुवया-पापण्या-मिशीला व्हॅसलीन. कामाला दोघं हवेत: एक लावणारा आणि एक फक्त नाकपुड्यांवर नजर ठेवणारा. नाकात नळ्या खुपसू नका, नाक विस्कटतं आणि नळी हलली तर धोका आहे. नाकपुड्यांभोवती बोटाने हलकेच लावून त्या उघड्या ठेवा. दमा असणाऱ्याचा किंवा बंद जागेत घाबरणाऱ्याचा ठसा घेऊ नये. बँडेजचे तीन-चार थर जमले की त्याला पुढे वाकून तोंड वेडंवाकडं करायला सांगा. हवा शिरते आणि ठसा हातात येतो.

अल्जिनेट पाणी सोडून आकसायला लागतं, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या आत ठसा भरायला घ्या. भरायला साधं पीओपी चालतं, पण दंतसाहित्याच्या दुकानातलं डेंटल स्टोन बरंच कडक असतं. १०० ग्रॅम पावडरीला साधारण ३० मिली पाणी. पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरीत नाही. पहिला थर ब्रशने लावून ठसा थोपटा, म्हणजे नाकाच्या टोकाशी बुडबुडा राहणार नाही. हा तयार चेहरा म्हणजे आपला गाभा. त्याला चारी बाजूंनी ५-६ सेंटिमीटरची सपाट कड ठेवा आणि कडेवर नाण्याएवढे चार वाटोळे खड्डे कोरा. साच्याचे दोन भाग पुढे याच खुणांवर बसणार आहेत. गाभा पूर्ण सुकला की ॲक्रिलिक क्लिअर स्प्रेचे तीन हात मारा, नाहीतर तो मातीतलं पाणी शोषून घेईल.

शाडूत म्हातारपण

परदेशी गंधकमुक्त मेणमाती चांगली असते आणि महाग असते. आपल्याकडे शाडू आहे. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या पापणीची कड ज्या मातीत निघते, तीत सुरकुती निघणार नाही असं होत नाही. शाडूची एकच अट: ओली राहिली पाहिजे. पाण्याचा फवारा, ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक. एक रात्र उघडी राहिली की पातळ कडा तडकतात.

जाडी सगळीकडे सारखी ठेवू नका. कपाळ आणि नाकावर ४-५ मिलिमीटर चालतात. गाल आणि ओठांच्या कोपऱ्यांवर २-३च्या वर गेलात, तर नट हसला तरी मुखवटा हसणार नाही. डोळ्यांभोवती आणि बाहेरच्या कडेला माती शून्याकडे उतरत जायला हवी. टाचणी टोचून जाडी मोजत राहा.

सुरकुत्या स्नायूच्या ओढीला आडव्या पडतात, म्हणून कपाळावर आडव्या, डोळ्यांच्या कडांना पंख्यासारख्या. कोरणीने थेट ओढलेली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते. मातीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून पसरा आणि तिच्यावरून बोथट टोकाने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही काठांना आपोआप गोलाई येते, आणि हाच जिवंत कातडीचा आकार. मग मोठ्या रेघांना छेदणाऱ्या बारीक रेघा, आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा नाकावर व गालांवर दाबून रंध्रं. फक्त रंगमंचासाठी असेल तर मोठ्या सुरकुत्या दोन-तीन मिलिमीटर खोल हव्यात, त्याहून उथळ तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत. कॅमेऱ्यासाठी याच्या निम्म्या. म्हातारपण सुरकुत्यांपेक्षा उतारात जास्त असतं, हे मात्र विसरू नका: पापणीची बाहेरची बाजू खाली, नाकाचं टोक खाली, कानशिलं आत, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबती पिशवी.

साचा

मुखवट्याच्या कडेभोवती गाभ्याची ५-६ मिलिमीटर रुंद पट्टी उघडी ठेवा. तिच्याबाहेर, खुणांचे खड्डे सोडून, ६ मिलिमीटर जाडीचा शाडूचा थर द्या. साचा मिटताना गाभा आणि साचा फक्त या अरुंद पट्टीवर टेकतात आणि सिलिकॉनची कड कात्रीने कापल्यासारखी पातळ निघते. जास्तीचं सिलिकॉन बाहेरच्या पोकळीत जातं. ही पट्टी आळसाने सोडली की कड दोन मिलिमीटर जाड येते, आणि कितीही रंग लावा, चेहऱ्यावर मुखवटा चिकटवलेला दिसतोच.

गाभ्याच्या उघड्या भागाला, खड्ड्यांसकट, व्हॅसलीन चोळा. प्लास्टर प्लास्टरला धरतं. एक बोटभर जागा राहिली तरी दोन्ही भाग एकजीव होतात आणि छिन्नीशिवाय सुटत नाहीत. आता मातीवर प्लास्टरचा पहिला पातळ हात ब्रशने, सुरकुत्यांत फुंकर मारत. पुढचे थर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या काथ्याचे, एकूण जाडी २५-३० मिलिमीटर. प्लास्टर तापेल. ते पूर्ण निवल्यावर लाकडी पाचर घालून हळूहळू उघडा.

आता शाडू काढायचा, पण फेकायचा नाही. मुखवट्याचा शाडू कडेबाहेरच्या थरापासून वेगळा ठेवा आणि मापाच्या भांड्यात दाबून भरा. समजा तो ३८० मिली भरला. सिलिकॉनची घनता साधारण १.०७, म्हणजे ४०७ ग्रॅम. सांडण्यासाठी आणि भांड्याला चिकटण्यासाठी २० टक्के वाढवा: ४९० ग्रॅम. स्लॅकर एकूण सिलिकॉनच्या चौथाई धरलं, तर ए १९६, बी १९६ आणि स्लॅकर ९८ ग्रॅम. स्लॅकर याहून वाढवलं तर मुखवटा मऊ होतो खरा, पण पातळ कडा फाटतात आणि पृष्ठभाग चिकट राहतो.

साचा धुऊन गाभ्याला नाकाच्या टोकाशी, हनुवटीला आणि दोन्ही भुवयांपाशी ३ मिलिमीटरची आरपार भोकं पाडा, हवा तिथून निघेल. मग सुकवा. किती दिवस? रोज वजन करा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की साचा सुकला. उन्हाळ्यात चार दिवस पुरतात, जुलैत आठही लागतात. ओल्या साच्यातली वाफ सिलिकॉनमध्ये फोड आणते. सुकल्यावर व्हॅसलीनचा अंश साबणाने पुसून ॲक्रिलिकचे तीन हात द्या, वर सिलिकॉनसाठीचा रिलीज स्प्रे, म्हणजे मुखवटा साच्यातून सुटेल. साच्यात रिलीज म्हणून व्हॅसलीन नको, ब्रशच्या रेघा जशाच्या तशा गालावर उमटतात.

ओतणी

उन्हाळ्यात खोली ३४ अंशांवर असेल तर हाताळायच्या २० मिनिटांची १०-१२ होतात. एसी लावा किंवा पहाटे काम करा.

रंग आणि स्लॅकर आधी ‘बी’मध्ये मिसळा. सिलिकॉनचे रंग तीव्र असतात, ४९० ग्रॅमला एक ग्रॅमपासून सुरुवात करा आणि पाचच्या वर जाऊ नका. जास्त रंगाने कातडीची पारदर्शकता मरते आणि प्लॅस्टिक दिसायला लागतं. छटा पाहायला मनगटावर पॉलिथिन गुंडाळून त्यावर थेंब ठेवा. नटाच्या रंगाहून दोन छटा फिका असेल तर बरोबर, वरचे थर गडद करतातच. लाल फ्लॉकचे (भुग्यासारखे बारीक रंगीत धागे) चिमूटभर तंतू घातले की कातडीखाली रक्त असल्याचा भास होतो.

आता ‘ए’ घाला आणि तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा-तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा एक मिनिट. पहिल्या भांड्याच्या तळाशी न मिसळलेलं राहतंच, आणि तेच नेमकं कपाळावर चिकट डाग होऊन बसतं. व्हॅक्यूम नसेल तर उंचावरून सुतासारखी धार सोडा, बुडबुडे फुटत जातात. साच्यात आधी ब्रशने पातळ हात द्या, मग उरलेलं मधोमध ओता. गाभा कपाळाच्या बाजूने टेकवून हळूहळू हनुवटीकडे मिटवा, दोन पट्ट्यांनी आवळा. प्रत्येक भोकातून सिलिकॉन वर आलं पाहिजे. एखादं कोरडं राहिलं तर तिथे हवा अडकली आहे, गाभा किंचित हलवून पुन्हा दाबा.

भांड्यातला उरलेला गोळा पूर्ण कोरडा होईपर्यंत साचा उघडायचा नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रात्रभर राहू द्या. मुखवटा सोलताना एका हाताने टाल्कम पावडर भुरभुरत राहा, नाहीतर पातळ कडा स्वतःलाच चिकटून गुंडाळतात आणि उलगडताना फाटतात. बुडबुड्यांचे खड्डे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, थाय-व्हेक्स घालून घट्ट केलेल्या त्याच सिलिकॉनने भरा. कानांमागे पॉवर मेशच्या (ताणलं जाणारं जाळीचं कापड) चार सेंटिमीटर पट्ट्या आतून सिलिकॉननेच चिकटवा, वेल्क्रो त्यांनाच शिवायचा. सिलिकॉनला थेट टाका घातला की तो तिथूनच फाटतो.

रंग, केस आणि घालणं

सिलिकॉनला फक्त सिलिकॉन चिकटतं. ॲक्रिलिक रंग पहिल्या ताणात पापुद्रे सोडतो. ए-बी मिसळलेलं सिलिकॉन, त्यात सिलिकॉनचा रंग, आणि ते पातळ करायला दुप्पट नॅफ्था किंवा नोव्होक्स हे द्रावक. खिडक्या उघड्या, सेंद्रिय वाफांचा मास्क तोंडावर आणि जवळपास कुठेही ज्योत नको. ब्रशने सपाट फासू नका. फाटक्या स्पंजने ठिपके द्या: नाक, गाल, कानशिलांवर लाल, डोळ्यांखाली निळसर-जांभळा, कपाळावर तपकिरी डाग. सुरकुत्यांत गडद रंग भरून वरचा पुसून घ्या. शेवटचा थर किंचित चिकट असताना टाल्कम मारून तासाभराने धुतलं की रबरी चमक जाते.

भुवयांना माणसाचेच केस, एकेक करून फेल्टिंगच्या सुईने, तिरके रोवलेले. सरळ रोवले तर ब्रशसारखे उभे राहतात. आतून पातळ सिलिकॉनचा हात दिला की केस उपटत नाहीत.

घालण्याआधी २४ तास हाताच्या आतल्या बाजूला चिकटवणी लावून पाहा. कडांना त्वचेसाठीची सिलिकॉनची चिकटवणी, आणि ओठ व डोळ्यांच्या कडा चिकटवल्याच पाहिजेत, नाहीतर बोलताना मुखवट्याचे ओठ मागे राहतात. फेविक्विक कधीच नाही. नाकपुड्या किमान आठ मिलिमीटर उघड्या ठेवा. आत घाम साचतो आणि डोक्याला उष्णता होते, म्हणून सलग चाळीस मिनिटांवर नको. तालमीही मुखवटा घालूनच करा, कारण आवाज दबतो आणि बाजूचं दिसत नाही.

काढताना ओढू नका, चिकटवणीचा रिमूव्हर कडेखाली ब्रशने सरकवत सोडवा. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा, आतून टाल्कम लावा आणि थर्मोकोलच्या डोक्यावर चढवून ठेवा. घडी घातली तर तिची रेघ गालावर कायमची सुरकुती होऊन राहते, आणि ती आपण कोरलेल्या सुरकुत्यांच्या उलट्या दिशेला असते.