पावसात अडकलेल्या कोंबड्यांची टोचाटोची: रक्त दिसताच कोंबडी बाहेर काढा

जूनमध्ये पाऊस लागला की गोव्यातल्या परसातल्या कोंबड्यांचे फिरणे बंद होते. मे अखेरपर्यंत कुळागरात, माडांच्या आळ्यांत, शेणाच्या ढिगावर दिवसभर उकरणाऱ्या कोंबड्या एकदम खुराड्यात अडकतात आणि थोड्याच दिवसांत एखादीची शेपटीच्या मुळाशी पिसे गेलेली दिसतात. ‘कोंबड्याच त्या, भांडायच्याच’ म्हणून ती कळपातच ठेवली जाते. सकाळी नखाएवढी असलेली जखम संध्याकाळी तळहाताएवढी होते आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी मेलेली सापडते. पहिल्या चोचीने कोंबडी मरत नाही. तिला तिथेच ठेवल्याने मरते. दर पावसाळ्यात हेच होते, म्हणून इथे पुन्हा पुन्हा तेच सांगितले आहे.

रक्त दिसले की हातातले काम टाकून ती कोंबडी बाहेर काढा. ‘संध्याकाळी खुराडे बंद करताना बघू’ असे म्हणू नका. लाल ठिपका दिसला की कोंबडी त्यावर चोच मारतेच. एकीने मारली की एरवी गरीब असणाऱ्याही पाठोपाठ येतात, आणि एकदा ही सवय लागली की कळपाची ती मोडणे फार कठीण जाते.

भाजीची जाळीदार प्लास्टिक क्रेट उपडी घालून वर चिरा (जांभा दगड) ठेवला की वेगळी जागा तयार. ती पडवीत, कोरड्या ठिकाणी, पण बाकीच्या कोंबड्या दिसतील अशी ठेवा. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि जखम धुवा. कडेची रक्ताने माखलेली पिसे कात्रीने कापा, ओढू नका. मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा. जखमेच्या कडेच्या पिसांना कडुलिंबाचे तेल लावले तर वासाने आणि कडूपणाने दुसऱ्या कोंबड्या लांब राहतात. हा परसातला अनुभव आहे, ठरलेली मात्रा नाही. पावसात जखमेवर माशी बसते, म्हणून दिवसातून दोनदा जखम उघडून पाहा. अळ्या दिसल्या, मांस खोल फाटले असेल किंवा गुदद्वारातून आतला भाग बाहेर आला असेल, तर घरगुती उपाय न करता थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

एक गफलत नेहमी होते. तुऱ्यावर, गालाच्या लोळ्यांवर आणि डोळ्यांभोवती काळपट, चामखिळीसारख्या खपल्या आल्या तर ती टोचाटोची नसते. तो देवी रोग असतो आणि पावसाळ्यात डासांमुळे पसरतो. टोचल्याची जखम फाटलेली, ओली असते आणि बहुतेक शेपटीच्या मुळाशी, पाठीवर किंवा गुदद्वारापाशी असते. दोन्हीत कोंबडी वेगळीच करायची, पण देवी असेल तर पशुवैद्याला दाखवा.

आता हे होते कशामुळे? पहिले कारण जागा. चार फूट बाय तीन फुटांचे खुराडे १० कोंबड्यांना रात्री बसायला चालते. तिथेच त्यांना दिवसभर कोंडले तर कमजोर कोंबडीला पळायला जागाच उरत नाही. दिवसा कोंडायचे असेल तर प्रत्येकीला किमान ४ चौरस फूट हवेत, म्हणजे १० कोंबड्यांना ४०. खुराड्याला लागून बांबू रोवा, कडेने मासेमारीचे जुने जाळे बांधा, वर ताडपत्री किंवा विणलेली चुडते घाला. खर्च जवळजवळ शून्य. आत एखादे फळकूट किंवा पोती उभी करून आडोसा ठेवा, मार खाणारी कोंबडी त्यामागे जाते. बसायच्या काठीवर प्रत्येकीला ८ ते १० इंच जागा द्या.

खाण्याचे आणि पाण्याचे परळ दोन-दोन ठेवा, तेही एकमेकांपासून लांब. एकच परळ असला की दांडगी कोंबडी त्यावर पहारा देते आणि कमजोर दोन-तीन उपाशी राहतात. उपाशी कोंबडी खंगते आणि खंगलेलीच आधी टोचली जाते.

दुसरे कारण खाणे. बाहेर फिरताना मिळणारे किडे, गांडुळे, वाळवी पावसात बंद होते आणि घरातून फक्त कण्या नि उरलेला भात पडतो. प्रथिने आणि मीठ कमी पडले की कोंबड्या एकमेकींची पिसे खायला लागतात. घरचे एक किलो मिश्रण असे करा: कण्या ५०० ग्रॅम, भाताचा कोंडा २०० ग्रॅम, शेंगदाणा पेंड २०० ग्रॅम, सुका जवळा ५० ग्रॅम, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा ५० ग्रॅम. यात साधारण १७ टक्के प्रथिने येतात. जवळा बिनमिठाचा असेल तर ३ ग्रॅम मीठ घाला, खारवलेला असेल तर धुऊन वाळवा आणि मीठ घालू नका. कोंडलेल्या मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम पुरते. पेंडीला बुरशीचा वास आला किंवा गाठी झाल्या तर ती फेकून द्या, जनावरांनाही घालू नका.

दिवसभर चोचीला काम हवे. केळीचा गाभा किंवा शेवग्याची डहाळी दोरीने मानेच्या उंचीवर टांगा.

दुकानात या दिवसांत टोचाटोचीवरची ‘ताकदीची’ औषधे आणि फवारे दाखवतात. जागा नि खाणे सुधारल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही आणि सुधारल्यावर गरज नाही. त्याच पैशांत पेंड आणा. परसातल्या कोंबडीची चोच कापून घेऊ नका, उकरून खाणे तिच्यावरच चालते. फार तर दांडगीच्या वरच्या चोचीचे टोक नखाच्या कानशीने बोथट करा, रक्त येईपर्यंत नव्हे.

बहुधा सगळा त्रास एकीचा असतो. खाणे टाकल्यावर १५ मिनिटे उभे राहून पाहा, ती कोण ते कळते. तिला ४ ते ५ दिवस नजरेआड ठेवा. परत आल्यावर तिला कळपातली आपली जागा पुन्हा मिळवावी लागते आणि तिचा जोर उतरतो. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची मोठी पिल्ले आणि लहान गावठी पिल्ले एकत्र ठेवू नका. नव्या कोंबड्या आधी २ ते ३ आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, मग आठवडाभर जाळीपलीकडे, आणि एकटी कधीच नाही, दोन-तीन मिळून सोडा.

श्रावण लागला की कोंबड्याचे गिऱ्हाईक थांबते आणि चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत विकायचे नर खुराड्यातच राहतात. तेवढ्यात ते मोठे होऊन माद्यांची पाठ सोलून काढतात. ८ ते १० माद्यांना एक नर पुरे. बाकीचे श्रावणाआधी विका, नाहीतर वेगळे बांधा.

इतर नेहमीची कामे:
- अंथरलेले तूस रोज हलवणे, ओले काढून कोरडे घालणे
- धुळीत लोळण्यासाठी राख १ भाग, कोरडी वाळू २ भाग, वळचणीखाली टबात
- रात्री बॅटरीने पंखांखाली नि गुदद्वारापाशी उवा-पिसवा पाहणे
- ४ ते ५ माद्यांना अंड्यांसाठी एक अंधारी पेटी
- रात्रभर दिवा नको
- राणीखेत आणि देवीच्या लसी, जंताचे औषध: दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे

जखम पूर्ण सुकून नवी पिसे फुटेपर्यंत कोंबडीला परत सोडू नका. लाल कातडे उघडे दिसत असेल तर तीच जागा पुन्हा टोचली जाते. सोडायची ती रात्री, बाकीच्या झोपल्यावर, काठीवर त्यांच्या शेजारी बसवून. सकाळी खुराडे उघडताना दोन्ही परळ भरलेले असू द्या आणि पहिला अर्धा तास तिथेच थांबा. पाठलाग आणि एखाद-दुसरी चोच चालेल. रक्त आले तर लगेच पुन्हा क्रेटखाली.